मोटारीच्या पोटातलं टोरीचं तेल

ये व भुजली, जरा जवळ सरकून बस. तिथी चंद्रपुरात, लेकाच्या घरच्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीवरच सरक, पण सरक. फोनवर मी बोलायले लागली का तू नुसतं "हो, हो" करते, मधातच तुझ्या कुकरची शिटी होते, अन् "नंतर बोलते व" मनून ठेवून देते. ते नंतर काई येत नाई. मनून आता लिहून राह्यली. कागदाले कुकरची शिटी आयकू येत नाई.

पहिले रागावून घेते, मंग बाकीचं. किती दिवस झाले तुले इकडं येऊन? नदीवर पूल नव्हता तवा महिन्यातून दोनदा यायची. चपला हातात, लुगडं पोटऱ्यावर खोचलेलं, नावेतून उतरल्याबरोबर मनायची, "चहा ठेव व, आंग नुसतं कापून राह्यलं." आता पूल झाला, पुलावरून बस झाली, कपातला चहा थंडा व्हायच्या आत नदी पार होते, अन् तूच बंद झाली. याले काय मनावं?

दिवाळीत मी सरळच विचारलं, काऊन येत नाई मनून. तवा तू जे बोलली ते अजून कानात आहे. "पुलावरून काय येऊ व? खिडकीतून नदी पाहीन मनते तवरक संपते. तुझ्या बुढ्याची मोटार चालू कर. नावेत बसवून मधातल्या टेकावर उतरव मले, जिथी भुजली शिरवली होती. मंग येते का नाई ते पाय." असं मनून तू हासली. तुले वाटलं गंमत केली. मी नाई हासली. मी ते धरून ठेवलं.

हे दुसरं कोणी वाचंल तर त्याले कळलं पाहिजे मनून सांगून ठेवते. ही माझी बहीण नाई का सोयरी नाई. आमी दोघी एकाच उन्हाळ्यात नव्या सुना झालो. मी वैनगंगेच्या गडचिरोलीकडच्या काठाले, ती चंद्रपूरकडच्या काठाले; आता ती लेकापाशी चंद्रपुरात राहते. राखीच्या दुसऱ्या दिवशी बाया टोपल्या घेऊन नदीवर जातात. टोपलीत अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब राहतात, त्यायले भुजली मनतात. त्या साली पाऊस उशिरा होता, मधातला खडकाचा टेक उघडा होता, अन् दोन्ही काठच्या बाया त्या टेकावर उतरल्या. टोपल्या पाण्यात शिरवल्या. मंग हिनं एक कोंब माझ्या कानावर खोचला, मी हिच्या कानावर. एकदा असं केलं का मंग एकमेकीचं नाव तोंडातून काढायचं नाई. मरेपर्यंत दोघी दोघींच्या भुजली. मी ते इतकं पाळलं का आता तिचं खरं नाव कोण्या कागदावर दिसलं तर मले वाटते, ही कोण बाई?

तर मोटार.

आमी ढीवर. घरात जाळं होतं, वल्हं होतं, नाव होती. मोटार आली ती धरणाच्या कामावरून. काम संपलं तवा तिथल्या ठेकेदारानं, जुनी झाली मनून, बुढ्याले, मंजे माझ्या नवऱ्याले, देऊन टाकली. नावेच्या मागच्या फळीले अडकवायची, वरची दोरी ओढायची, का खाली पाण्यात पंखा फिरते. बुढ्यानं तिले लेकीसारखं नाई, सासूसारखं वागवलं. रोज पुसायचा अन् रोज भ्यायचा. "बायकायनं हात लावायचा नाई. बिघडली तर कुठी नेशीन?" मी हात नाई लावला, एक दिवस सोडला तर. मी फक्त आवाज आयकायची. चुलीपाशी बसून मले कळायचं, आता त्या काठावरून निघाली, आता धारेत आली, कारण धारेत आवाज जड होते. धारेतून सुटली का मी चहा ठेवायची. तू अंगणात पाय टाकायची अन् चहा उकळायचा. तुले वाटायचं, इच्या घरी चूल कवा विझतच नाई.

आता पुलावरून गाड्या जातात. कोणाची कोणती ते कळत नाई. चहा कवा ठेवावा तेही कळत नाई.

पूल झाला तवा बुढ्यानं मोटार उतरवली अन् घरात कोपऱ्यात टेकवून उभी केली, वरून पोतं घातलं. एक दिवस एक पाव्हणा तिले "राम राम" करून बसला, माणूसच बसला आहे मनून. नाव तर अजून आहे, पुतणे वल्ह्यानं चालवतात, मासे धरतात. मोटारच तेवढी पोत्यात.

दिवाळी झाली अन् सून मनली, "आत्याबाई, तो कोपरा मले द्या ना. शिलाई मशीन ठेवते. उजेड चांगला आहे तिथी."

"अन् मोटार?"

"भंगारवाला येतेच ना आठवड्याले."

तिचं काई चुकलं नाई. ती बाई चार घरचे ब्लाउज शिवते, अन् अंधारात सुई ओवून डोळे चोळत राहते. पण मोटार गेली मंजे तुझं येणं गेलं. तू तर गमतीत का होईना, येणं तिच्याच गळ्यात बांधून ठेवलं होतं. मी मनली, "संक्रांतीपर्यंत थांब. चालू नाई झाली तर मीच उचलून देईन भंगारवाल्याले."

बुढा खाटेवरून मनला, "उचलशीन? तू अन् तुझं कोण?"

आता बुढ्याचं तुले सांगतलं होतं. हात थरथरतात. चहा बशीत अर्धा अन् बनियनवर अर्धा. डोकं मात्र पक्कं आहे, अन् तोंड त्याहून पक्कं. मी मोटार ओढत अंगणात आणली, लाकडाच्या घोडीवर अडकवली अन् त्याले मनली, "तुमी बोला, मी करते."

तो मनला, "आयुष्यभर हात नाई लावू देला..."

"तेच मनते. आता लावू द्या."

पहिले दोरी ओढून पाह्यली. मोटार फुस्स करे अन् बसे. बुढा मनला, इच्या छातीत कफ आहे. मिस्त्री लोक त्याले कार्बन मनतात, मी काजळीच मनीन. ही मोटार पेट्रोलसंग तेलही जाळते, दोन्ही मिसळूनच टाकावं लागते, अन् ते तेल जळता जळता आत काजळी धरते. धूर निघायचं भोक आतून बारीक होत जाते. मंग मोटारीले दम घेता येत नाई अन् सोडताही येत नाई. तुमच्या चंद्रपुरात वाळत घातलेल्या कपड्यावर कोळशाची भुकटी बसते मनते ना तू, तसंच, फक्त पोटात.

वरचं झाकण, ज्याले हेड मनतात, ते बुढ्यानं इतक्या वर्षात कवाच उघडलं नव्हतं. बोल्ट तुटला तर दुसरा कुठून आणावा, या भीतीनं. धुराचं भोक साफ करी, प्लग घासी, अन् चालवी. या वेळी आमी बोल्टायवर डिझेल टाकून दोन दिवस नुसतं ठेवलं. तिसऱ्या दिवशी पाना लावला. "हळू. पापड उचलतो तशी हळू," बुढा मने. मी मनली, "पापड तुमी कवा उचलला?" सहाही बोल्ट निघाले, एकही नाई तुटला. हेड उचललं अन् आत पाह्यलं. माझ्या भाताच्या गंजाचं बूडही असं कवा काळं झालं नाई.

बुढ्यानं चाक फिरवून पिस्टन वर आणायले सांगतला. त्याच्या काठानं बोटानं ग्रीस लावायले सांगतलं, खरडलेली काजळी फटीत पडू नये, ग्रीसवरच चिकटावी मनून. मी पेचकस उचलला तर असा ओरडला, जसं लेकराच्या डोळ्यात बोट घालून राह्यली मी. "लोखंड नाई! ओरखडा पडला का तिथी काजळी दुप्पट बसते. बांबू घे." मंग मी विळ्यानं बांबूची कामटी तासली, टोक चपटं केलं, अन् बसली खरडत. वरची काजळी भुसभुशीत होती, निघाली. पण तिच्या खाली एक थर होता. भुरा, चकचकीत, कडक. पळसावरची लाख राहते ना, अगदी तशी. कामटी त्यावरून घसरून जाये.

मी ते बुढ्याले दाखवलं. त्यानं डोळे बारीक केले, अन् त्याचा चेहराच बदलला.

"हाच तो. त्या तेलवाल्या भाईचा डालडा. पाय, अजून आहे. मी खोटा नव्हतो बोललो."

माझ्या हातातली कामटी तिथीच थांबली, भुजली. तुले आठवते ना कायचा थर तो? तुझ्या लेकाले नसंल माहीत. आता त्याले वाचूनच दाखव.

तो चार महिन्याचा होता. तू त्याले सासूपाशी ठेवून आली होती, तासाभरात परत जाईन मनून. श्रावणाची झड होती, नदी दोन्ही काठ धरून होती. अन् बुढ्याले ताप चढला. असा चढला का डोळे उघडले तरी ओळखत नव्हता. दुपार कलली. तू दारात उभी राहे, नदीकडं पाहे, परत आत येई. दूध भरून आलं होतं, तुझी चोळी भिजून लुगड्याच्या पदरालेही ओल आली होती. ते मले पाहवलं नाई. वल्ह्यानं त्या धारेत कोणीच जात नव्हतं. मी मनली, चाल, मी नेते.

पेट्रोल होतं. तेलाचा डबा हलवून पाह्यला तर बुडाशी जरासं. एवढं मले पक्कं माहीत होतं का बिनतेलाची मोटार मधातच जाम होते, बुढा दिवसातून दहादा मने. तेल पाहिजे. तेल तर घरात होतं! उन्हाळ्यात मोहाच्या टोऱ्या, त्याच्या बिया व, वेचून फोडून काढलेलं, मडकं भरून. आपण दिवा त्याच्यावर लावतो, भाजी त्याच्यात करतो, आंगाले तेच चोळतो. मले वाटलं, आपल्या आंगाले चालते तर मोटारीले काऊन नाई चालणार? तू डबा धरला, मी ओतलं. अन् थोडंसं नाई, काठोकाठ भरला, बुढा बरा झाला का त्याले डबा रिकामा दिसू नये मनून.

दोरी तूच ओढली होती, एका हातानं चोळी दाबून धरून. मोटार चालली. चालली ना व! धारेत आवाज जड झाला, तुझ्या तोंडचं पाणी पळालं, अन् मागून असा धूर निघाला का सगळ्या नदीवर भज्यायचा वास. तुझ्या काठावर एक म्हातारा उभा होता, तो मनला, "कोणाच्या घरी पाहुणे आले व, तळण चालू आहे?" तू रडता रडता हासली. चिखलातून धावत गेली. मी नावेतूनच पाह्यलं, दारात सासूनं लेकरू तुझ्या हातात देलं अन् तू उंबऱ्यावरच बसली. मी तशीच परत आली. एकटी. त्या दिवसाएवढी मोठी मी मंग कवाच झाली नाई.

बुढा आठ दिवसात उठला. डब्यातलं तेल वापरत राह्यला. त्याले काई कळलं नाई, घाटावर भज्यायचा वास कुठून येते याचाच तपास करे. मंग थंडी पडली. टोरीचं तेल थंडीत गोठते, हे आपल्याले सांगायले पाहिजे का? पण माझ्या ध्यानातच नाई आलं. एका सकाळी त्यानं डबा उघडला अन् आत पांढऱ्या गाठी. झालं. "तेलात डालडा मिसळला!" डबा उचलून गेला बाजारच्या गावाले, जिथून मोटारीचं तेल घ्यायचा त्या भाईच्या दुकानात, चार गिऱ्हाइकायसमोर ओतून दाखवला. भाई मनला, "दादा, मेरी दुकान का तेल जमता नहीं. घर में पूछो, कुछ हुआ होगा." बस. "माझ्या घरावर बोलते!" मनून बुढा बेइमान, भेसळखोर, जे तोंडात आलं ते बोलून परत आला. तो भाई, जो दर ईदेले आपल्या घरी शेवयाचा डबा पाठवे. ज्याच्याकडं आपल्या जाळ्यातली पहिली मोठी मरळ जाये. त्या दिवसापासून डबा बंद, मरळ बंद. बुढा आरमोरीवरून तेल आणू लागला, अन् बाजारात त्या दुकानासमोरून मान फिरवून जाऊ लागला.

अन् मी? मी गप बसली. आज सांगते, उद्या सांगते. तुलेही मीच गप केलं होतं. तू मनली होती, "सांगून टाक व." मी मनली, "मारंल." तो मारणारा नव्हता, ते मलेही माहीत होतं अन् तुलेही.

तर अंगणात मोटार उघडी, बुढा खाटेवर, अन् मी कामटी धरून. तो पुन्हा मनला, "बेइमान माणूस."

मी मनली, "आयकता का? तो डालडा नव्हता."

"मंग काय होतं?"

"टोरीचं तेल होतं."

"दुकानात टोरीचं तेल कुठून येईन?"

"दुकानातलं नाई. मडक्यातलं. तुमाले ताप होता तवा. मी ओतलं, भुजलीनं डबा धरला."

 मंग त्याचे खांदे हलायले लागले. मले वाटलं रडून राह्यला, पण हासून राह्यला होता. "तरीच मी मनो! पाणी कापत जावो अन् भूक लागे!" सून आतून धावत आली, बुढ्याले काय झालं मनून. हासता हासता त्याले ठसका लागला, पाणी पाजलं.  पेला खाली ठेवला. मंग हळूच मनला, "त्यानं सांगतलं होतं, घरात विचार. मी विचारलं नाई."

मले रागावला असता तर बरं झालं असतं, भुजली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. तो लाखेसारखा थर डिझेलचा बोळा ठेवून ठेवून मऊ केला अन् कामटीनं थोडा थोडा काढला. चार दिवस लागले त्याले. एकेक टवका निघे अन् मले वाटे, हा श्रावणातला, हा आपल्या दोघींचा. पिस्टनच्या रिंगा अडकल्या होत्या, त्या डिझेल पिऊन पिऊन सुटल्या. धुराच्या भोकात तर करंगळीही जात नव्हती, ते कामटीनं अन् जुन्या टूथब्रशनं मोकळं केलं. हेडखाली बसवायची गास्केटची चकती फाटली होती. ती कोणी आणली माहीत आहे? सुनेनं. दोऱ्याच्या रिळा आणायले ब्रह्मपुरीले गेली होती, जुन्या चकतीचा कागद कापून संग नेला अन् तशीच घेऊन आली. मनली, "बसते का पाहा. नाई बसली तर मंग कोपरा माझा." बसली.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी अंगणात पाण्याचा मोठा ड्रम भरला, पंखा त्यात बुडेल अशी मोटार अडकवली. पाण्याबाहेर चालवली तर तापून बसते. या वेळी पेट्रोलात तेल बुढ्यानं माझ्यासमोर झाकणानं मोजायले लावलं, अन् सुनेनं टोरीची बाटली उचलून आतल्या घरात नेऊन ठेवली. दोघंही माझ्याकडं पाहत होते. मी मान खाली घालून दोरी ओढली.

काई नाई. पुन्हा ओढली, काई नाई. प्लग काढला, ओला होता, पुसला, लावला. माझ्या खांद्यातून कळ निघाली. सून मनली, "आत्याबाई, राहू द्या ना." बुढा उठून आला, थरथरणारा हात माझ्या हातावर ठेवला, अन् दोघांनी मिळून ओढली.

खोकली. अन् मंग लागली, भुजली! ड्रममधलं पाणी काळं झालं, काजळीचे टवके वर तरंगले, सुनेनं वाळत घातलेले कपडे ओढून पळ काढला, शेजारच्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. मी आयकत होती. तोच आवाज. पहिले जरा घोगरा, मंग साफ. माझे पाय आपोआप घराकडं वळले. दोन पावलं गेली तवा कळलं का मी चहा ठेवायले चालली होती.

बुढ्यानं मोटार बंद केली. सून दारात कपड्यायचा ढीग धरून उभी होती. मनली, "ठेवा तुमची मोटार. मशीन मी खिडकीपाशी घेते." आता मोटार पडवीत आहे, पोत्याबिगर.

त्या भाईची विचारपूस करून घेतली. आहे. दुकान नातू चालवते, तो बाहेर खुर्चीवर बसून राहते, कोणी बोलावलं तर बोलते. मी बुढ्याले मनली, जाऊन या. तो मनते, "मी एकटा कोणत्या तोंडानं जाऊ? ज्यायनं डबा धरला अन् ज्यायनं ओतलं, त्यायनं संग यावं." पुतण्याले मरळ सांगून ठेवली आहे. मोठी.

आता पाय, तुझी अट पुरी झाली. मोटार चालू आहे. मी तर मनते, तुझ्या लेकाच्या एका वेळच्या दुधासाठी त्या भल्या माणसाची इमानदारीचं नाव गेलं, मनून लेकानंच तुले बसमधी बसवून द्यावं. आमी दोघंही थकलो, तो भाईही थकला, अन् नदीही थांबणार नाई. होळीनंतर पाणी उतरते, पंखा रेतीले लागते, मंग पुन्हा पावसापर्यंत बसावं लागंल. बसलेल्या मोटारीत पुन्हा काजळी धरते.

एक कर. बसवाल्याले सांग, पुलाच्या अलीकडंच उतरव मनून. पूल पार करू नोको. जुन्या घाटावर, जिथून तू चिखलातून धावत गेली होती, तिथी थांब. आवाज आयकू येईल, धारेत जरा जड होईल, भिऊ नोको, मीच राहीन. पहिले टेकावर उतरू, मंग भाईकडं जाऊ, मंग घरी चहा. ये व भुजली. लवकर ये.